लावलेली कल्हई आणि मुरलेला थर

मैत्रिणींनो, कल्हईवाला तुमच्या गल्लीत शेवटचा कधी आला होता, आठवतंय का? हल्ली तो दिसतच नाही. पण ज्यांच्या घरी अजून सासूबाईंची पितळी पातेली आहेत, त्यांना ते सगळं डोळ्यांसमोर उभं राहील. अंगणात खड्डा, त्यात कोळसे, चामड्याचा भाता, आणि तापलेल्या पातेल्यात कापसाच्या बोळ्याने भुरभुरलेला नवसागर. भसकन पांढरा धूर निघायचा, नाकाला झिणझिण्या यायच्या, आणि मग कथलाची कांडी टेकवून बोळा फिरवला की पातेलं आतून चंद्रासारखं उजळायचं. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे कोळशाच्या आचेवर ते सहज पसरतं. कल्हई गेली की ताक, आमटी कळकायची आणि मग कल्हईवाल्याची वाट बघत बसायची.

त्या नाकाला झोंबणाऱ्या धुरात अमोनियाही असतो, बरं का. नवसागर तापला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराईड सुटतात. तांब्यापितळेवरची मळकट पुटं निघून धातू स्वच्छ व्हावा, म्हणजे कथील नीट धरेल, एवढंच नवसागराचं काम. आज मला तुम्हाला सांगायचंय ते याच अमोनियाच्या दुसऱ्या एका उद्योगाबद्दल. त्याला कारखान्यात नायट्रायडिंग म्हणतात. नाव ऐकून पान उलटू नका! तुमच्या प्लास्टिकच्या बादलीपासून ते एस.टी.च्या इंजिनापर्यंत त्याचा संबंध पोचतो, आणि तुमच्यापैकी कित्येकींच्या घरातलं कुणी ना कुणी अशा भट्टीपाशी उभं असतं.

मी अकलोलीला राहते. वज्रेश्वरीला देवीच्या दर्शनाला येणारी मंडळी पुढे तानसा नदीकाठच्या आमच्या गरम पाण्याच्या कुंडांवर येतात. (वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजीअप्पांच्या नवसाचं. १७३९ साली वसई घेतल्यावर तो फेडला, असं सांगतात.) कुंडात उतरण्यापूर्वी जाणत्या बायका पायांतले पैंजण, जोडवी काढून पदराला बांधतात. गंधकाच्या पाण्याने चांदी काळी पडते, हे त्यांना कुणी शाळेत शिकवलेलं नसतं. तर हा जो काळा थर, तो बाहेरून येऊन बसलेला मळ नव्हे. गंधक चांदीशी संयोग पावतो आणि चांदीचा वरचा पापुद्राच बदलून सिल्व्हर सल्फाईड होतो. कल्हई ‘लावलेली’ असते, हा थर ‘झालेला’ असतो. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. अशी काळवंडलेली चांदी पावडरीने घासली तर तो थर, म्हणजे त्यातली चांदीच, झिजून जाते. त्यापेक्षा पातेल्याच्या तळाशी अ‍ॅल्युमिनियमचा कागद पसरा, त्यावर दागिना टेकेल असा ठेवा, चमचाभर खायचा सोडा घाला आणि कढत पाणी ओता. गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जातो आणि चांदी जागच्या जागी परत येते. अंड्यासारखा किंचित वास येईल, घाबरू नका. मोत्याचे, खड्यांचे किंवा मुद्दाम काळी झाक दिलेले दागिने मात्र यात घालायचे नाहीत.

आता पोलादाकडे येऊ. लोहार कोयत्याला ‘पाणी देतो’ ते तुम्ही पाहिलं असेल. लालबुंद पातं चर्रकन पाण्यात, की धार कडक. पण त्या धक्क्याने पातं वाकडं होण्याची, कधी तडकण्याचीही भीती असते. कोयत्याला थोडा बाक आला तर चालतो. यंत्राच्या दांड्याला केसाएवढाही चालत नाही. शिवाय सबंध दांडा कडक झाला तर तो काचेसारखा मोडेल. हवं असतं ते असं : वरून कडक, आतून चिवट, आणि आकार जसाच्या तसा.

हे साधलं ते दोन अडॉल्फांनी. अमेरिकेत अडॉल्फ मॅक्लेट यांना अमोनियात पोलाद तापवण्याचं पेटंट १९१३ साली मिळालं. त्याच सुमारास जर्मनीत एसेनच्या क्रुप कारखान्यातले अडॉल्फ फ्राय यांचाही शोध चालू होता. पोलादात अ‍ॅल्युमिनियम, क्रोमियम, मॉलिब्डेनम असे धातू थोड्या प्रमाणात मिसळलेले असतील तर हा थर कमालीचा कडक होतो, हे फ्राय यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं. आजही आपल्याकडच्या वर्कशॉपांत ‘ईएन ४१’ नावाचं पोलाद मागवतात ते याच जातीचं. त्यात सुमारे १ टक्का अ‍ॅल्युमिनियम आणि दीड टक्क्याच्या आसपास क्रोमियम असतं.

रीत ऐका. तयार झालेला, घासूनपुसून तेलाचा अंशही न ठेवलेला भाग बंद भट्टीत ठेवायचा, ५०० ते ५५० अंशांपर्यंत तापवायचा आणि आत अमोनिया सोडायचा. या तापमानाला पोलाद लालभडक होत नाही, अंधारात कुठे जेमतेम लाली दिसेल. अमोनिया म्हणजे एक नत्र आणि तीन हायड्रोजन. तापलेल्या पोलादाला टेकताच तो फुटतो आणि मोकळा झालेला नत्राचा एकटा अणू लोखंडाच्या अणूंमधल्या फटीत शिरतो. तुम्ही विचाराल, हवेत तर तीन चतुर्थांशाहून जास्त नत्रच आहे, मग अमोनिया विकत कशाला आणायचा? माझ्या वर्गातल्या एका मुलीनेही नेमकं हेच विचारलं होतं. तर हवेतला नत्र जोडीने असतो आणि ती जोडी इतकी घट्ट, की एवढ्याशा उष्णतेला दाद देत नाही. एकटा अणू हवा, तर तो अमोनियातूनच सुटा करावा लागतो.

पुढचं समजायला तुम्हाला पुस्तक नको, लोणच्याची बरणी पुरे. मीठ फोडीला आधी वरून लागतं, मग हळूहळू आत मुरतं. नत्रही मुरतो. आणि मुरण्याचा हिशेब असा आहे, की दुप्पट खोल जायला दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. म्हणून अर्धा मिलिमीटर खोल मुरायला दोन-अडीच दिवस भट्टी अखंड चालते. वाटेत अ‍ॅल्युमिनियम, क्रोमियम भेटले की नत्र त्यांच्याशी संयोग पावून अतिसूक्ष्म कण तयार करतो आणि हे कण पोलादाला जागच्या जागी जखडून टाकतात. साध्या मऊ पोलादाचा कठीणपणा विकर्सच्या मापावर १५० च्या आसपास असतो. ईएन ४१ चा पृष्ठभाग नायट्रायडिंगनंतर १००० च्या घरात जातो. या मुरलेल्या भागाला म्हणतात विसरण थर.

दुसरी एक गंमत. नत्र शिरला की पोलादाची कातडी फुगू पाहते, पण आतला गाभा तिला फुगू देत नाही. परिणामी वरचे अणू सकाळच्या लोकलसारखे चेपलेले राहतात. तशा गर्दीत फट पडणार कुठून? म्हणूनच पुन्हा पुन्हा पिळवटल्या जाणाऱ्या भागांना, उदाहरणार्थ इंजिनाच्या क्रँकशाफ्टला, सहजासहजी चीर जात नाही. सगळे क्रँकशाफ्ट काही असेच कडक करत नाहीत, दुसऱ्याही रीती आहेत, पण पुष्कळांना हाच उपाय करतात.

आता मुख्य मुद्दा. लोखंडाच्या पोटात नत्र किती मावणार? पोलादाच्या नेहमीच्या स्थितीत जास्तीत जास्त एक दशांश टक्का. त्याहून जास्त नत्र वरून येतच राहिला, तर पृष्ठभागावर काय होईल? आपल्या चांदीचं झालं तेच! लोखंड आणि नत्र मिळून नवाच पदार्थ होतो. आधी चार लोखंड आणि एक नत्र असा एक, त्याला गामा प्राइम म्हणतात. त्याच्यावर आणखी नत्राने भरलेला दुसरा, त्याचं नाव एप्सिलॉन. या दोघांचा मिळून जो थर होतो तो कापून, घासून, सौम्य आम्ल लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर खालचं पोलाद काळवंडतं आणि हा तेवढा पांढरा राहतो. म्हणून कारखान्यात त्याला सगळे ‘व्हाइट लेअर’ म्हणतात. जाडी पाच ते पंचवीस मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज करा.

हा पांढरा थर गुणी आहे, तसाच खोडकरही आहे. घर्षणाला तो टिकतो, गंजाला अडवतो. पण आहे ठिसूळ. जाड झाला की शंकरपाळीच्या पापुद्र्यासारखा सुटतो. त्यातही एप्सिलॉनच्या अगदी वरच्या भागात नत्राचे सुटे अणू पुन्हा जोड्या करून वायू होतात आणि बारीक बारीक छिद्रं पाडतात, म्हणजे आंबलेल्या पिठासारखं. तेव्हा नत्र किती द्यायचा आणि कधी हात आखडायचा, यातच सारी करामत.

हात आखडायचा म्हणजे कसा, तेही सांगते. भट्टीत जेवढा ताजा अमोनिया जास्त, तेवढा नत्राचा मारा जास्त. आतला किती अमोनिया फुटून गेलाय हे मोजायला खुणांची एक काचेची नळी असते. भट्टीतून येणारा वायू तिच्यात भरायचा, तोटी बंद करायची आणि वरून पाणी सोडायचं. न फुटलेला अमोनिया पाण्यात क्षणात विरघळतो, त्याची जागा पाणी घेतं. हायड्रोजन आणि नत्र विरघळत नाहीत, ते तसेच उरतात. उरलेला वायू ज्या खुणेवर, तेवढे टक्के अमोनिया फुटला. इतकं सोपं! हल्ली मोठ्या कारखान्यांत हे काम यंत्रं आपोआप करतात, लहान ठिकाणी मात्र नळीच. अमेरिकेतले कार्ल फ्लो यांनी याच मोजणीवर दोन टप्प्यांची रीत बसवली. पहिले काही तास १५ ते ३० टक्के फुटेल असा भरपूर ताजा वायू द्यायचा. मग दुसऱ्या टप्प्यात तेच प्रमाण ७५ ते ८५ टक्क्यांवर न्यायचं, म्हणजे वरून येणारा नत्र कमी आणि आत मुरणारा तेवढाच. पांढरा थर मग वाढत नाही, उलट पातळ राहतो.

हे सगळं मी कुठे शिकले? माझे धाकटे दीर भिवंडी-वाडा रस्त्यावरच्या एका लहानशा कारखान्यात रात्रपाळीला नायट्रायडिंगच्या भट्टीवर असतात. मी बी.ए. मराठी घेऊन झाले, तेव्हा भाऊजींना ‘सोपं करून सांगा’ म्हणून किती वेळा छळलं असेल! गेल्या पावसाळ्यात मात्र हे शास्त्र आमच्या घराच्या उंबऱ्याशी येऊन ठेपलं.

प्लास्टिकच्या वस्तू करणाऱ्या यंत्रात एक लांब मळसूत्री दांडा असतो, त्याला स्क्रू म्हणतात. प्लास्टिकचे दाणे रेटत, वितळवत पुढे नेणं हे त्याचं काम. तुमची बादली, मुलांचा डबा, सगळं अशा स्क्रूवरून आलेलं असतं. तो सतत घासला जातो म्हणून त्याला नायट्रायडिंग करतात. असे बारा स्क्रू गिऱ्हाइकाने परत पाठवले. कडांचे पापुद्रे सुटले होते. मालक म्हणाले, माल रात्रपाळीने बिघडवला, नुकसान त्यांच्या पगारातून कापणार. जाऊबाईंचा चेहरा उतरला. थोरल्याची डिप्लोमाची फी तोंडावर आलेली. दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही.

भाऊजींना एक सवय आहे. कारखान्याच्या रजिस्टरात लिहितात ते वेगळं, पण आपल्यापुरतं शाळेच्या दोनशे पानी वहीत दर दोन तासांनी नळीचा आकडा, तापमान आणि वेळ टिपून ठेवतात. वही भरली की घरी आणून टाकतात. जाऊबाई रद्दी विकताना या वह्या बाजूला ठेवत आल्या होत्या. का, तर ‘त्यांच्या हातचं आहे’ एवढ्याच कारणाने. त्या तारखांची पानं काढली. पहिल्या रात्री आकडा २५, दुसऱ्या रात्रीही २५, २८, २७. आणि समोर भाऊजींच्या अक्षरात : ‘दुसरा टप्पा नको, वेळ वाचवा, असे दिवसपाळीकडून सांगितले.’ कुणी सांगितलं त्याचं नाव आणि वेळसुद्धा.

गिऱ्हाइकाने एक स्क्रू ठाण्याला प्रयोगशाळेत कापून तपासला. चित्रात पांढरा थर चाळीस मायक्रॉन भरला. नकाशावर लिहिलं होतं, पंधराच्या वर नको. दुसरा टप्पा गाळल्यावर असंच होणार, आणि वहीतले आकडे तेच सांगत होते. भाऊजी वही घेऊन मालकांपुढे बसले. म्हणाले, ‘साहेब, नळी खोटं बोलत नाही.’ पगार कापला गेला नाही. चार स्क्रूंचा थर घासून काढल्यावर खालचा मुरलेला भाग शाबूत निघाला, ते वाचले. बाकीचे भंगारात गेले. मालक अजून भाऊजींशी मोजकंच बोलतात, पण दुसरा टप्पा आता कुणी गाळत नाही.

आता ज्यांच्या घरचं माणूस अशा ठिकाणी काम करतं त्यांच्यासाठी थोडं निराळं, आणि कृपा करून हे वरवर वाचू नका. अमोनिया झोंबतो म्हणून त्याची भीती असते, पण त्याचा एक उपकारही आहे, वासाने तो आधी कळतो. गळती झाली तर वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला, धुराच्या आडवं निघायचं. डोळ्यांत गेला तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने डोळे धुवायचे आणि मग डॉक्टर. आधी डॉक्टर शोधायचा आणि मग पाणी, असं नाही. कामावर मुखवटा आहे का, पाण्याचा नळ भट्टीजवळ चालू आहे का, हे घरच्यांना एकदा तरी विचारा. पुरुषमाणसं आपणहून सांगत नाहीत.

याच कामाची दुसरी रीत वितळलेल्या क्षारांची, तिला ‘सॉल्ट बाथ’ म्हणतात. तिच्यात सायनाईडचे क्षार असू शकतात. हे काम लवकर होतं, पण त्या क्षारांवर आम्ल पडलं तर जीवघेणा वायू निघतो. ओला भाग त्या कढईत पडला तर काय होतं, ते कढत तेलात पाण्याचा थेंब पडलेला पाहणाऱ्या बाईला सांगायला नको. अशा कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका, डबा तिथे उघडू देऊ नका. आणि पाणीटंचाईत आपण जी जुनी पिंपं स्वस्तात घेतो, ती कारखान्यातून आलेली असतील तर आत पूर्वी काय होतं ते कळल्याशिवाय त्यात पिण्याचं पाणी मुळीच साठवू नका. कितीही विसळलं तरी नाही.

तिसरी रीत सर्वांत स्वच्छ. बंद पात्रातली हवा काढून थोडा नत्र आणि हायड्रोजन सोडायचा आणि विजेच्या जोरावर त्यालाच चमकायला लावायचं. सगळा भाग जांभळट प्रकाशात न्हाऊन निघतो. याला प्लाझ्मा नायट्रायडिंग म्हणतात. आपल्याकडे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने हे तंत्र तयार करून उद्योगांना दिलं आहे. यात अमोनिया लागत नाही, सायनाईड तर नाहीच, आणि पांढरा थर हवा तितका, अगदी नको तर नकोही करता येतो. यंत्र महाग, म्हणून लहान कारखान्यांना ते परवडत नाही, ही खरी अडचण.

तुम्ही म्हणाल, मग आमच्या स्वयंपाकघरातलं स्टेनलेस स्टीलही असंच कडक करून घ्यावं, सुऱ्या कधी बोथट होणार नाहीत. तिथे गोम आहे. स्टेनलेसला गंज लागत नाही तो त्यातल्या क्रोमियममुळे. हवेतल्या प्राणवायूशी मिळून क्रोमियम डोळ्यांना न दिसणारं पातळ कवच करतं आणि ओरखडा पडला तरी ते कवच पुन्हा धरतं. नेहमीच्या तापमानाला नायट्रायडिंग केलं की नत्र नेमका हे क्रोमियमच पकडून ठेवतो. पृष्ठभाग कडक होतो, पण कवच करायला क्रोमियम उरत नाही आणि ‘स्टेनलेस’ला डाग पडू लागतात.

साध्या लोखंडाचं मात्र उलट. जपानमध्ये नायट्रायडिंग केलेले लोखंडी तवे आणि कढया मिळतात. पांढऱ्या थरामुळे ते कमी गंजतात, तरी तेलाचा हात त्यांनाही लागतोच. आपला बिडाचा तवा त्यांच्यापुढे काही कमी नाही. धुऊन लगेच पुसा, मंद आचेवर कोरडा करा आणि तेलाचं बोट फिरवून पुन्हा तापवा. तेल तापून घट्ट होतं आणि त्याचाच काळा थर धरतो. चिंच, टोमॅटो, कोकम त्यात शिजवलं की तो उतरतो, मग पुन्हा चार वेळा तेल द्यावं लागतं. आणि तारेच्या घासणीने तो खरवडायचा नाही, हे कामवाल्या बाईंना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.